दुर्बिणीचा आरसा : साधन, शास्त्र आणि शब्द

चंदीगड हे नाव उच्चारले की ल कॉर्बूझियेची नगररचना आणि शिवालिकच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या काँक्रीटच्या भव्य वास्तू प्रथम आठवतात. भारतातील वैज्ञानिक उपकरणांच्या इतिहासात मात्र ह्या नगराला वेगळ्या कारणाने स्थान आहे. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना ही प्रयोगशाळा १९५९ साली दिल्लीत स्थापन झाली आणि १९६२ साली चंदीगडला आली. प्रकाशशास्त्रीय साधने हा तिच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग राहिला आहे. ‘तेजस’ विमानातील वैमानिकाच्या नजरेसमोर आकडे आणि खुणा प्रकाशरूपाने उभे करणारे साधन ह्याच संस्थेने विकसित केले. चंदीगडपासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर अंबाला आहे. देशातील असंख्य शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जे सूक्ष्मदर्शक, जी भिंगे आणि जे लोलक दिसतात, त्यांतील पुष्कळसे ह्या गावच्या कारखान्यांतून आलेले असतात.

दुर्बिणीची याहून निराळी अशी एक परंपरा आहे. तीत यंत्र कारखान्यात तयार होत नाही. काचेच्या दोन जाड चकत्या, पाणी आणि कार्बोरंडमची पूड एवढ्या सामग्रीवर ते हातांनी घडते. ही हौशी खगोलनिरीक्षकांची परंपरा होय. ‘हौस’ हा शब्द अरबी-फारसी ‘हवस’ या शब्दापासून मराठीत आला, आणि त्यापासून झालेल्या ‘हौशी’ ह्या विशेषणाला कालांतराने कच्चेपणाची छटा चिकटली. व्यावसायिकाहून उणा तो हौशी, असे सहज म्हटले जाते. दुर्बिणीच्या बाबतीत ही छटा दिशाभूल करणारी आहे. हाताने घासलेला आरसा हा विकतच्या आरशाचा स्वस्त पर्याय एवढ्यापुरताच महत्त्वाचा नाही. दुर्बीण नेमके काय करते ह्याचे ज्ञान त्या घासण्यातून होते, आणि त्या ज्ञानाला लागणारी मराठीही बऱ्याच अंशी तेथेच घडते. ह्या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासाठी प्रथम यंत्राच्या कार्याकडे वळणे इष्ट ठरेल.

१

दूरची वस्तू मोठी करून दाखविणारे यंत्र म्हणजे दुर्बीण, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती खोटी नाही. परंतु दुय्यम गुणाला ती मुख्य मानते. दुर्बिणीचे पहिले कार्य प्रकाश गोळा करणे हे आहे. दाट काळोखात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटरांपर्यंत उघडते. हौशी निरीक्षकाच्या दुर्बिणीतील आरशाचा व्यास सामान्यतः १५० मिलिमीटर असतो. प्रकाश गोळा करण्याची शक्ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे असा आरसा उघड्या डोळ्याच्या सुमारे साडेचारशेपट प्रकाश एकत्र आणतो. वाटेत आड येणाऱ्या दुसऱ्या लहान आरशामुळे आणि परावर्तनात काही प्रकाश वाया जातो. तो वजा केला तरी लाभ प्रचंडच राहतो. देवयानीतील दीर्घिका किंवा मृगाच्या तलवारीतील तेजोमेघ दुर्बिणीत उठून दिसतो तो मुख्यतः ह्या गोळा झालेल्या प्रकाशामुळे.

दुसरे कार्य भेद दाखविण्याचे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीत ताऱ्याची प्रतिमा निव्वळ बिंदुरूप होत नाही. एक बारीक तेजस्वी चकती आणि तिच्याभोवती फिकट वलये असे तिचे रूप असते. आरसा जितका मोठा, तितकी ही चकती लहान. जवळजवळचे दोन तारे वेगळे दिसणे हे त्यांच्या चकत्या एकमेकींत मिसळतात की नाही ह्यावर अवलंबून असते. उघडा डोळा साधारणपणे एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखतो. १५० मिलिमीटरांचा आरसा एका विकलेच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरापर्यंत पोहोचतो. विकला हा कलेचा साठावा भाग. हे ध्यानात घेतले म्हणजे केवढा पल्ला गाठला जातो याची कल्पना येते.

भारतीय वाचकाच्या परिचयाचे उदाहरण सप्तर्षींतच आहे. वसिष्ठ आणि अरुंधती ह्यांच्यामध्ये सुमारे बारा कलांचे अंतर आहे, आणि निकोप दृष्टीला ती दोघे वेगळी दिसतात. लहानशा दुर्बिणीतून पाहिले असता वसिष्ठ हा एकटा तारा नसून चौदा विकलांच्या अंतरावर असलेली दोन ताऱ्यांची जोडी आहे, असे आढळते. अरुंधती दाखविण्यासाठी आधी जवळचा मोठा तारा दाखवावा आणि नंतर नजर बारीक ताऱ्याकडे न्यावी, ह्या रीतीवरून शास्त्रकारांनी ‘अरुंधतीदर्शनन्याय’ हा दृष्टांत घडविला. स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेणारा हा क्रम दुर्बिणीच्या वापरातही तंतोतंत पाळावा लागतो. मोठ्या नळीला जोडलेल्या लहान शोधक दुर्बिणीतून प्रथम आकाशाचा विस्तृत भाग पाहावयाचा, मग कमी विवर्धनाची नेत्रिका लावून इष्ट तारा मध्यभागी आणावयाचा, आणि अखेरीस अधिक विवर्धनाची नेत्रिका लावावयाची. हा क्रम सोडून जो एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेतो त्याला बहुधा रिकामे आकाश दिसते.

विवर्धन हे तिसरे कार्य, आणि ते सर्वांत सोपे. आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विवर्धन मिळते. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल, तर २५ मिलिमीटरांची नेत्रिका ४८पट आणि १० मिलिमीटरांची १२०पट मोठे चित्र दाखवील. नेत्रिका बदलून हा आकडा कितीही फुगविता येतो. चित्रात जो तपशील आरशाने आणलेलाच नाही तो नेत्रिका कोठून आणणार? दर मिलिमीटर व्यासामागे दोनपट, म्हणजे १५० मिलिमीटरांच्या आरशाला फार तर ३००पट, ही व्यवहारातली मर्यादा. बाजारातील लहानशा दुर्बिणीच्या खोक्यावर ४५०पट किंवा ५२५पट असे जे आकडे छापलेले असतात, त्यांतून त्या दुर्बिणीच्या गुणवत्तेविषयी काहीच कळत नाही. ते गुण ठरतात ते आरशाच्या व्यासावर आणि त्याच्या पृष्ठभागाच्या अचूकपणावर.

२

दुर्बीण भिंगाची असावी की आरशाची, हा प्रश्न सतराव्या शतकाचा. नेदरलंड्समध्ये १६०८ साली लिपरशेने दुर्बिणीच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. १६०९ साली गॅलिलिओने ती आकाशाकडे वळविली. काचेतून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या प्रमाणात वळतात, आणि त्यामुळे एका भिंगातून होणाऱ्या प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटतात. हा वर्णीय विपथनाचा दोष कमी करण्यासाठी त्या शतकातील ज्योतिर्विदांनी नळ्या लांबवत नेल्या. आरशावरून परावर्तित होताना मात्र सर्व रंगांचे किरण सारखेच वळतात. ह्या तत्त्वाच्या आधारे न्यूटनने १६६८ साली आरशाची दुर्बीण तयार केली. नळीच्या तळाशी एक अंतर्गोल आरसा आणि वरच्या टोकाजवळ प्रकाश बाजूला काढणारा एक लहान सपाट आरसा, ही त्याची रचना आजही हौशी निरीक्षकांची आवडती रचना आहे.

भारतात दुर्बिणीचे पाऊल लवकर पडले. १६५१ साली जेरेमाया शेकर्ली ह्या इंग्रज निरीक्षकाने सुरतेहून बुधाचे अधिक्रमण पाहिले. १६८९ च्या डिसेंबरमध्ये पाँडिचेरी येथे झां रिशो ह्या जेझुइट धर्मगुरूला धूमकेतूचे निरीक्षण करीत असताना नरतुरंगातील सर्वांत तेजस्वी तारा, म्हणजे ‘मित्र’, हा जुळा असल्याचे आढळले. ह्याच्या कितीतरी आधीपासून सिद्धान्तग्रंथांत ‘नलक’ ह्या साधनाचे वर्णन येते. त्यावरून प्राचीन भारतीयांना दुर्बीण ठाऊक होती असे अनुमान कधीकधी केले जाते. नलक ही नजर एका दिशेला बांधून ठेवणारी पोकळ नळी होती; तीत भिंग नव्हते. गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान प्रत्यक्षाशी जुळते की नाही हे दाखविणे, हे तिचे काम. ते काम स्वतःच पुरेसे मोलाचे आहे. त्याच्यावर दुर्बिणीचा आरोप करण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील आरशाच्या दुर्बिणीचा इतिहास पुण्यापासून सुरू होतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख होते. तेथील २० इंची, डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेली आरशाची दुर्बीण ही दीर्घकाळ देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून नायगमवालांनी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा मोडली गेली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर एक वेधशाळा संपली, ही घटना विचार करण्याजोगी आहे. यंत्र होते; परंतु ते चालविणारा, दुरुस्त करणारा आणि शिकविणारा समाज त्याच्याभोवती तयार झालेला नव्हता.

असा समाज पुढे हौशी मंडळींनीच उभा केला. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलनिरीक्षकांची ही भारतातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू परत आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळासारख्या संस्थांनी मूळ धरले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ ह्या आंतरविद्यापीठीय केंद्राने, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली, संशोधनाच्या जोडीने विज्ञानप्रसाराचे काम हाती घेतले, आणि तेथे आरसे घासण्याच्या कार्यशाळाही भरू लागल्या. ह्याच केंद्रातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’ असे आहे. ते नाव सप्तर्षींतील एका ताऱ्याचे, आणि त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत ज्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीने ती इमारत उभी राहिली त्या पु. ल. देशपांडे यांची आठवण आहे. मराठी वाङ्मय आणि आकाशनिरीक्षण ह्यांच्या मैत्रीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

३

आरसा कसा घडतो, हे आता पाहावयास हवे. सारख्या व्यासाच्या काचेच्या दोन चकत्या घेतात. खालची चकती पक्की बसवितात. तिच्यावर कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी घालून वरची चकती मागेपुढे घासतात. काही वेळाने वरची चकती थोडी फिरवावयाची, घासणाऱ्याने स्वतः मेजाभोवती थोडे सरकावयाचे, आणि पुन्हा घासावयाचे. वरच्या चकतीचा मधला भाग खालच्या चकतीच्या कडेवर अधिक दाबला जात असल्याने वरची चकती आपोआप खोलगट आणि खालची फुगीर होते. तिन्ही हालचाली सतत बदलत राहिल्यामुळे कोणतीही एक दिशा अधिक घासली जात नाही. सर्व दिशांनी एकमेकांवर सरकू शकतील असे दोन पृष्ठभाग गोलाचेच असावे लागतात. म्हणूनच कोणत्याही यंत्रावाचून, केवळ हातांच्या अनियमित हालचालींतून, अत्यंत नियमित असा गोलीय पृष्ठभाग निर्माण होतो. ह्या कलेचे सारे रहस्य एवढेच आहे.

खळगा फार खोल नसतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाच्या मध्याची खोली सव्वा मिलिमीटरही भरत नाही. हवी ती खोली मिळाली की पूड क्रमाक्रमाने बारीक होत जाते. प्रत्येक टप्प्याला आधीच्या पुडीचे ओरखडे नाहीसे करावयाचे असतात. भरड पुडीचा एखादा कण जरी पुढच्या टप्प्यात शिरला तरी आरशावर खोल ओरखडा उठतो आणि अनेक तासांचे श्रम वाया जातात. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर चकत्या, मेज, भांडी, हात आणि नखेसुद्धा स्वच्छ धुवावी लागतात. ह्यानंतर घोटण्याचा टप्पा येतो. खालच्या चकतीवर डांबरवजा राळेचा थर देऊन त्यात चौकोनी खाचा पाडतात, आणि सिरियम ऑक्साइडसारख्या मऊ चूर्णाने काचेला झिलई आणतात. राळ कठीण वाटली तरी संथपणे वाहणारी असते. त्यामुळे ती आरशाच्या आकाराशी स्वतःला जुळवून घेत राहते.

येथवरचे काम चिकाटीचे. खरी परीक्षा यापुढे आहे. गोलीय आरसा दूरच्या ताऱ्याचे सर्व किरण एका बिंदूत आणीत नाही. कडेचे किरण मध्यभागाच्या किरणांहून थोडे अलीकडे मिळतात. ह्याला गोलीय विपथन म्हणतात. सर्व किरण एका बिंदूत यावयाचे तर पृष्ठभाग अन्वस्तीय हवा. गोल आणि अन्वस्त ह्यांत फरक तो किती? वरच्या उदाहरणातील आरशात दोन्ही पृष्ठभाग मध्यावर टेकविले तर कडेशी त्यांच्यात एका मिलिमीटरच्या सुमारे साडेतीन हजाराव्या भागाएवढे, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढे, अंतर पडते. गोलाची निवड योग्य केली तर हा फरक चौथ्या हिश्श्यावर येतो. परावर्तनात चूक दुप्पट होते, हे जमेस धरता शेवटी पाव तरंगलांबीच्या आसपास दोष उरतो; आणि पाव तरंगलांबी हीच रॅलीने घालून दिलेली सह्य दोषाची मर्यादा आहे. तात्पर्य, ह्या मापाचा निर्दोष गोलीय आरसा उंबरठ्यावर उभा असतो. नाभीय अंतर ७५० मिलिमीटर केले की तोच दोष चौपट होतो, आणि मग अन्वस्तावाचून गत्यंतर नाही.

मिलिमीटरच्या हजारांश भागांचे हे हिशेब घरगुती मेजावर कसे तपासावयाचे? ह्याचे उत्तर लिऑं फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास दिले. आरसा उभा करून त्याच्या वक्रताकेंद्रापाशी, म्हणजे ह्या उदाहरणात २४०० मिलिमीटरांवर, एक बारीक छिद्रातून येणारा दिवा ठेवतात. परत येणारे किरण जेथे एकवटतात तेथे दाढीचे पाते हळूहळू सरकवितात आणि पात्यामागून आरशाकडे पाहतात. आरसा पूर्ण गोलीय असेल तर तो एकदम सर्वत्र सारखा काळवंडतो. कोठे उंचवटा किंवा खोलगटपणा असेल तर तेथे छाया उमटते, आणि सपाट वाटणारी काच टेकड्या-दऱ्यांच्या नकाशासारखी दिसू लागते. आरसा अन्वस्तीय होऊ लागला की मध्याचे आणि कडेचे किरण वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. दिवा स्थिर ठेवला असता ह्या दोन ठिकाणांत सुमारे २.३ मिलिमीटरांचे अंतर असावे लागते. म्हणजे जो फरक मोजणे अशक्यप्राय, तो पात्याच्या युक्तीने साध्या मोजपट्टीच्या आवाक्यात येतो. ही परीक्षा किती सूक्ष्म आहे हे एका साध्या प्रयोगाने कळते. आरशावर बोट काही क्षण टेकवून उचलले तर हाताच्या उबेने तेवढी काच फुगते, आणि पात्यामागून तो उंचवटा स्पष्ट दिसतो. काच थंड होईपर्यंत तो हळूहळू विरत जातो.

ज्याने हे एकदा पाहिले त्याला दुर्बिणीविषयी पुष्कळ गोष्टी न सांगता उमगतात. रात्र सुरू होण्यापूर्वी दुर्बीण तासभर बाहेर का ठेवावी, जाड साध्या काचेपेक्षा कमी प्रसरण पावणारी बोरोसिलिकेट काच का पसंत करावी, घरातल्या आरशाचा लेप काचेमागे असतो तर दुर्बिणीच्या आरशाचा पुढे का असतो, ह्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या हातांना ठाऊक असतात. शेवटचा लेप मात्र घरी होत नाही. निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढा पातळ थर काचेवर बसवावा लागतो. एवढ्या श्रमांनी घडविलेली काच खऱ्या अर्थाने ह्या पातळ थराला योग्य आकार देणारी बैठक असते. प्रकाश काचेत शिरतही नाही.

ह्या परंपरेत एक नाव भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. जॉन डॉब्सन १९४४ पासून १९६७ पर्यंत वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यस्त जीवन जगत होते. मठात राहून त्यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे केले आणि ते लाकडी पेटीत बसविले. रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखविणे हे पुढे त्यांचे जीवितकार्य झाले. त्यांनी रूढ केलेली साधी बैठक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

४

आरसा कोठेही घडविला तरी सारखाच. बैठकीचे तसे नाही. ती स्थळाशी बांधलेली असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे सरकत राहतात, आणि त्यांचा माग एकाच अक्षाभोवती नळी फिरवून घ्यावयाचा तर तो अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला, असला पाहिजे. क्षितिजाशी त्याचा कोन स्थळाच्या अक्षांशाएवढा असतो. पुण्यात तो साडेअठरा अंश, चंदीगडला सुमारे पावणेएकतीस. पुण्याची विषुववृत्तीय बैठक चंदीगडला नेली तर तिचा अक्ष सव्वाबारा अंशांनी उचलावा लागतो. तसे न केले तर तारा नेत्रिकेतून निसटत राहतो. डॉब्सनची बैठक नळी केवळ वर-खाली आणि आडवी फिरविते. त्यामुळे तिला हा फेरबदल लागत नाही. निरीक्षकाला मात्र तारा हाताने सारखा मागे आणावा लागतो.

अक्षांशाबरोबर आकाशही बदलते. ‘अगस्त्य’ पुण्याहून दक्षिण क्षितिजावर जवळजवळ एकोणीस अंश चढतो. चंदीगडहून तो जेमतेम साडेसहा अंशांवर येतो आणि क्षितिजालगतच्या धुरकट हवेत मंदावतो. १६८९ साली पाँडिचेरीहून ज्याचे जुळेपण उमगले तो ‘मित्र’ पुण्यातून साडेदहा अंशांपर्यंत वर येतो. चंदीगडहून तो कधीच उगवत नाही. मराठी मुलखात वाढलेल्या निरीक्षकाला चंदीगडच्या आकाशात हा एक तारा उणा भासेल. त्याच्या बदल्यात सप्तर्षी आणि शर्मिष्ठा उत्तरेकडे अधिक उंच आणि अधिक काळ दिसतात. हिवाळ्यात मैदानावर उतरणारे धुके आणि शहरांचा वाढता उजेड ही तेथील निरीक्षकाची अडचण. शिवालिकच्या आडोशाला गेल्यावर उजेडाची अडचण काहीशी कमी होते. उत्तरेकडे आणखी पुढे, लडाखमधील हान्ले येथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण उभी आहे. तत्त्वतः तिच्यात आणि गच्चीवरच्या लहान दुर्बिणीत भेद नाही. दोहोंतही एक आरसा प्रकाश गोळा करतो.

५

ह्या साधनासाठी भाषा कोणते शब्द वापरते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचा. ‘दुर्बीण’ हा शब्द फारसी ‘दूरबीन’पासून आला. पंजाबी, हिंदी, गुजराती आणि बंगाली ह्या भाषांनी तो थोड्याफार फरकाने घेतला. मराठीने त्यातला ‘न’ बदलून ‘ण’ केला आणि शब्द घरचा करून टाकला. तमिळने ‘तोलैनोक्की’ असा स्वतःच्या धातूंतून शब्द घडविला. मराठी विश्वकोशाने ‘दूरदर्शक’ पसंत केला. परंतु ‘दूरदर्शन’ हा शब्द चित्रवाणीकडे गेल्यानंतर ‘दूरदर्शक’ बोलण्यात रुळण्याची शक्यता मावळली. प्रकाशकिरणाच्या वळण्याला मराठीत तीन शब्द आहेत : जुन्या पाठ्यपुस्तकांतील ‘वक्रीभवन’, विश्वकोशातील ‘प्रणमन’ आणि अलीकडच्या पाठ्यपुस्तकांतील, हिंदीशी समान असलेला, ‘अपवर्तन’. तिन्ही संस्कृतोद्भव, तिन्ही सदोष नाहीत. आणि तरी तीन पिढ्यांतील वाचकांना एकमेकांचे लेखन वाचताना अडखळावे लागते. ज्याला मराठी ‘अन्वस्त’ म्हणते त्याला हिंदी ‘परवलय’ म्हणते. समान मूळ भाषेतून घेतलेली परिभाषा भगिनीभाषांना आपोआप जवळ आणते, हा समज येथे टिकत नाही.

कार्यशाळेतील भाषा याहून वेगळी असते. तेथे ‘फोकस’ आणि ‘आयपीस’ हे शब्द सर्रास चालतात. त्यांच्या शेजारी ‘घासणे’, ‘घोटणे’, ‘झिलई’, ‘खाच’, ‘ओरखडा’ हे जुने शब्द नव्या अर्थाने कामाला लागतात. ‘घोटणे’ हा शब्द ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हस्तलिखितांसाठी कागद घोटून गुळगुळीत करीत. मुले अक्षर घोटीत, पाठ घोटीत. पृष्ठभाग गुळगुळीत करणे आणि पुनरावृत्तीने एखादी गोष्ट अंगी मुरविणे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. आरसा घोटणारा ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो. परिभाषा समितीला असा शब्द घडविता आला नसता. तो हातांच्या कामातून आला.

परिभाषेच्या अचूकपणालाही असे काम उपकारक ठरते. खोलगट आरशाला मराठीत ‘अंतर्गोल’ आणि ‘अंतर्वक्र’ असे दोन्ही शब्द आढळतात, आणि ते एकाच अर्थाचे समजले जातात. ज्याने आरसा घडविला आहे तो त्यांत भेद करील. राळेवरचा आरसा प्रथम खरोखरच अंतर्गोल असतो; शेवटच्या काही तासांच्या घोटण्याने तो गोलपणा सोडतो आणि अन्वस्त होतो. तेव्हा त्याला ‘अंतर्वक्र’च म्हणणे योग्य. हा भेद मिलिमीटरच्या काही हजारांश भागांत मोजण्याएवढा असला तरी उत्तम दुर्बीण आणि सामान्य दुर्बीण ह्यांतील अंतर बहुधा तेवढेच असते.

अलीकडे चांगल्या आरशांच्या तयार दुर्बिणी पूर्वीपेक्षा सहज मिळू लागल्या आहेत. तारा स्वतः शोधणाऱ्या आणि चित्र थेट पडद्यावर उमटविणाऱ्या दुर्बिणीही आल्या आहेत. त्यांनी आकाश अधिक लोकांपर्यंत पोहोचविले, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक निरीक्षकाने आरसा घासावा, असा आग्रह धरणे हे प्रत्येक वाचकाने कागद स्वतः घोटावा असे म्हणण्यासारखे होईल. परंतु कोणीच आरसा घासेनासे झाले तर काय हरवेल, हेही स्पष्ट आहे. पुण्याच्या वेधशाळेचे उदाहरण समोर आहे. तेथे यंत्र होते, आणि एक माणूस निघून गेल्यावर त्याच्याभोवती काही उरले नाही. ज्या गावात दहा जणांनी आरसा घासला आहे तेथे एखादे यंत्र मोडले तरी विद्या मोडत नाही. आणि तिच्याविषयी बोलावयाची भाषाही केवळ कोशात उरत नाही.

‘आरसा’ हा मराठी शब्द संस्कृत ‘आदर्श’ ह्या शब्दापासून आला आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आरसाच. ज्याच्याकडे पाहून स्वतःला सुधारावे ते, हा अर्थ नंतरचा, आणि आजच्या मराठीत ‘आदर्श’ म्हटल्यावर तेवढाच उरला आहे. आरसा घासणाऱ्यापुढे हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात. त्याच्या हातात काच असते आणि मनात तिचा निर्दोष अन्वस्तीय आकार. पाते सरकवून तो दोहोंतील अंतर पाहतो आणि पुन्हा घोटू लागतो. ते अंतर कधीच शून्य होत नाही. पाव तरंगलांबीच्या आत आले की तो थांबतो, आरसा नळीत बसवितो आणि वसिष्ठाकडे वळवितो. वसिष्ठाचे दोन तारे स्वच्छ वेगळे दिसले, तर काम पुरे झाले असे समजावे.